इंजिन गेलं नव्हतं, रबर गेलं होतं!

सर्वप्रथम एक कबुली. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे "या वेळी मराठी विभागासाठी काहीतरी दे" असं मॅडम म्हणाल्या तेव्हा पोटात गोळाच आला. कविता मला जमत नाही, आणि हॉस्टेल लाइफवर दरवर्षी चार लेख असतातच. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत जे एक काम स्वतःच्या हातांनी केलं तेच लिहितेय. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्याव्यात ही नम्र विनंती.

आमच्या घरी मारुती ८०० आहे. हे मॉडेल १९८३ ते २०१४ या काळात तयार होत होतं, आमची गाडी २००५ सालची. घर वाईला, पप्पांची नोकरी पाचगणीला. म्हणजे रोज पसरणी घाट एकदा वर आणि एकदा खाली. शाळेची दहा वर्षं याच गाडीत पुढच्या सीटवर बसून मी पाढे पाठ केले. या दिवाळीला घरी गेले तर पप्पा म्हणाले, "गाडी काढून टाकतोय. इंजिन गेलंय."

एक एजंट गाडी बघून गेला होता. गाडी चालू करून त्याने बॉनेटवर हात ठेवला, मान हलवली आणि जवळपास भंगाराचा भाव सांगितला. नवीन गाडी घेणं या वर्षी शक्य नव्हतं, कारण माझी फी भरायची होती. म्हणजे गाडी गेली की पप्पांची एसटी सुरू, हे उघड होतं.

लक्षणं आणि माझा पहिला घोटाळा

गाडीच्या तक्रारी तीन होत्या.

१. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये, आतला आरसा इतका थरथरायचा की मागचं काही दिसायचं नाही. ॲक्सिलरेटर थोडा दिला की थरथर कमी व्हायची.

२. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना पुढून 'धप्प' असा आवाज यायचा.

३. खड्ड्यातून जाताना स्टेअरिंगखाली 'खट् खट्' वाजायचं, आणि स्टेअरिंग दोन बोटं फिरवलं तरी चाकांना त्याचा पत्ताच नसायचा.

मी थर्ड इयर मेकॅनिकल! रुबाबात सांगून टाकलं, "व्हील बॅलन्सिंग गेलंय." पैसे देऊन बॅलन्सिंग करून आणलं. फरक शून्य. शेवटी गाडी घेऊन पप्पांच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरी, गाडी उभी हाय तवा चाक फिरतंय व्हय?"

मी गप्प. उभ्या गाडीत फिरतं ते फक्त इंजिन. मग थरथर चाकांची कशी असेल? हे कळायला पुस्तक लागत नाही. चार सेमिस्टरनंतरही मला ते सुचलं नव्हतं, हे इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते.

थोडी थिअरी (ओरलला उपयोगी पडेल)

इंजिन बॉडीला थेट बोल्टने आवळलेलं नसतं. मध्ये रबराची माउंटिंग असतात. गॅरेजमध्ये त्यांना 'फाउंडेशन' म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. १९३१ मध्ये अमेरिकेत प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' नावाने इंजिन रबरावर अशा रीतीने बसवलं, की ते स्वतःच्याच अक्षाभोवती डुलेल आणि थरथर बॉडीत जाणार नाही.

८०० चं इंजिन तीन सिलिंडरचं. १२० अंशांच्या क्रँकमुळे पिस्टनचे इनर्शिया फोर्स एकमेकांना रद्द करतात, पण कपल शिल्लक राहतं, म्हणून इंजिन पुढे-मागे झुलतं. शिवाय प्रत्येक फायरिंगचा धक्का वेगळाच. आयडलिंग ९०० आरपीएम धरलं तर सेकंदाला १५ फेरे झाले. फोर स्ट्रोकमध्ये तीन सिलिंडर म्हणजे फेऱ्याला दीड फायरिंग. म्हणजेच २२.५ हर्ट्झ.

आता व्हायब्रेशन आयसोलेशनचा नियम आठवा. धक्क्याची फ्रिक्वेन्सी ही नॅचरल फ्रिक्वेन्सीच्या √२ पटीहून जास्त असेल तरच रबर फायद्याचं. समजा, इंजिनच्या वजनाने रबर ५ मिलिमीटर दबतं. मग नॅचरल फ्रिक्वेन्सी साधारण ७ हर्ट्झ येते. रेशो ३.२, आणि डॅम्पिंग सोडून दिलं तर बॉडीपर्यंत फक्त ११ टक्के धक्का पोचतो. आता रबर म्हातारं होऊन चौपट कडक झालं असं धरा. नॅचरल फ्रिक्वेन्सी दुप्पट, म्हणजे १४ हर्ट्झ. रेशो १.६ वर आला आणि पोचणारा धक्का ६३ टक्के! इंजिन तेच, पेट्रोल तेच, आरसा मात्र दिसेनासा. आरपीएम वाढवले की रेशो सुधारतो, म्हणून ॲक्सिलरेटर दिल्यावर थरथर कमी. पहिल्या लक्षणाचं उत्तर इथेच मिळालं.

मग रबर एकदम मऊच का देत नाहीत? कारण माउंटिंगला इंजिनचा पीळही धरून ठेवायचा असतो. आडव्या इंजिनच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल इंजिनलाच जोडलेले असतात, त्यामुळे चाकांकडे जाणाऱ्या पूर्ण टॉर्कची रिॲक्शन माउंटिंगवर येते. इंजिनचा टॉर्क ६० न्यूटन-मीटर आणि पहिल्या गिअरचा एकूण रेशो १५ मानला तर ती ९०० न्यूटन-मीटर झाली. फाटलेल्या माउंटिंगवर इंजिन उसळतं आणि धातूला धातू आपटतो. हाच तो 'धप्प'.

स्टेअरिंगचं गणित त्याहून सोपं. रॅकची नळी क्लॅम्पने बॉडीला धरलेली असते आणि क्लॅम्पखाली रबरी बुश असतं. बुश झिजलं की स्टेअरिंग फिरवल्यावर आधी अख्खी नळीच बाजूला सरकते, मग चाकं वळतात. समजा, स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४० मिलिमीटर सरकतो आणि नळी २ मिलिमीटर हलते. म्हणजे स्टेअरिंगचे १८ अंश वाया! सपाट रस्त्यावर हे चालून जातं. घाटातल्या वळणावर समोरून एसटी येत असताना नाही. पप्पा रोज असेच जात होते, हे गणित वहीत केलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

खात्री कशी करायची?

माउंटिंगसाठी: बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा. एकाने ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, मग रिव्हर्समध्ये तसंच. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे मुळीच नाही. आमचं इंजिन अक्षरशः मान टाकत होतं.

रॅकसाठी: इंजिन बंद, चाकं जमिनीवर. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने टॉर्च मारून रॅकची नळी बघायची. नळी बॉडीच्या तुलनेत सरकली की बुश गेलं. पुढचं चाक जॅकवर घेऊन दोन्ही बाजूंनी धरून हलवा, म्हणजे टायरॉड एंडचा दोष असेल तर तोही कळतो. आमचे टायरॉड एंड चांगले होते.

सामान आणलं: माउंटिंगचा सेट आणि रॅक बुश. सगळं मिळून माझ्या एका महिन्याच्या मेस बिलापेक्षा कमी! आमच्या बाजा टीमच्या सीनियरने फोनवर "पीयूचे बुश टाक, रेसिंगवाले" असा सल्ला दिला होता. पण पॉलियुरेथेन रबरापेक्षा कडक असतं. वरचं गणित पाहा, रोजच्या गाडीत आरसा पुन्हा थरथरला असता.

प्रत्यक्ष काम

आदल्या रात्री सगळ्या गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. सकाळी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मागच्या चाकांना दगड लावले आणि गाडी स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे मिस्त्रीकाकांनी तीनदा बजावलं.

इंजिनला खालून जॅकचा आधार दिला. ऑइल संप पत्र्याचा असतो, तो चेपू नये म्हणून मध्ये लाकडाची फळी. एका वेळी एकच माउंटिंग काढायचं, नाहीतर इंजिन खाली येतं किंवा तिरकं होतं आणि मग बोल्टची भोकं जुळवताना रडू येतं. पहिलं जुनं माउंटिंग हातात आलं तर रबर धातूपासून पूर्ण सुटलेलं होतं. दुसरं तेल पिऊन फुगलं होतं. वीस वर्षांची उष्णता, हवेतला ओझोन, गळणारं तेल... बिचाऱ्याने अजून किती करायचं?

रॅकसाठी चाकं सरळ ठेवून एका वेळी एकच क्लॅम्प सोडला. जुन्या बुशचा अक्षरशः चुरा झाला होता. नवीन बुश सरकवायला मी ग्रीस घेतलं, तर काकांनी हातातून डबा काढून घेतला आणि साबणाचं पाणी दिलं. पेट्रोलियमच्या ग्रीसने नैसर्गिक रबर फुगतं.

दुसरा घोटाळा

सगळं बसवलं, बोल्ट जीव खाऊन आवळले, जॅक काढला, गाडी चालू केली. आणि आरसा थरथरला! आधीपेक्षा कमी, पण थरथरलाच. पप्पा दारात उभे होते. काही न बोलता आत गेले.

काकांनी विचारलं, "आवळलंस कधी? जॅक व्हता तवाच ना?" होय, तेव्हाच. इंजिनचं वजन जॅकवर असताना मी रबर आवळून टाकलं होतं. वजन उतरल्यावर ते पिळलेल्या अवस्थेतच अडकलं. बरोबर पद्धत अशी: सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, जॅक उतरवून इंजिनचं वजन रबरावर येऊ द्यायचं, इंजिन हाताने थोडं हलवून बसू द्यायचं आणि मगच टॉर्क पान्याने आवळायचं.

बोल्ट सैल केले. इंजिन जेमतेम केसभर खाली बसलं. पुन्हा आवळले. चालू केली. आरशात मागची भिंत दिसली, भिंतीवरची पालसुद्धा!

दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट तपासून घेतलं (रॅकला हात लावला की हे करायचंच), आणि सोमवारी पप्पा नेहमीप्रमाणे घाट चढून गेले. संध्याकाळी आले, चप्पल काढली, पाणी प्यायले. एवढंच म्हणाले, "आज वळणावर स्टेअरिंग लगेच ऐकत होतं." एजंटचा फोन आला तो त्यांनी घेतला नाही.

गाडी काही अमर झालेली नाही, कधीतरी जाईलच. पण न झालेल्या आजारासाठी तिला भंगारात घालणं मला पटलं नसतं. मित्रांनो, तुमच्या घरीही अशी एखादी म्हातारी गाडी असेल आणि कोणी "इंजिन गेलं" म्हणालं, तर आधी टॉर्च घेऊन रबर बघा. सगळ्यात स्वस्त पार्टकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

शाळेत असेंब्लीला सिस्टर आमची नखं तपासायच्या. परवा सुट्टीनंतर लॅबमध्ये सरांनी माझी काळी नखं पाहिली आणि विचारलं, "काय केलंस?" मी म्हटलं, "सर, व्हायब्रेशन आयसोलेशन." सर हसले. जर्नलवर सही मात्र अजून बाकी आहे!