उतारवयांतील बहिरेपण आणि शरीरस्वास्थ्य

वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं कमी ऐकूं येणारें एकादें वडील माणूस असेल. “वय झालें, आतां चालायचेंच,” असें म्हणून तो विषय बाजूस सारण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. बैल लंगडूं लागला तर त्याच दिवशीं गुरांचा डॉक्टर बोलावला जातो. परंतु ज्यांच्या नांवें सातबारा आहे त्या वडिलांचे कान दहा दहा वर्षें कोणी तपासून पाहत नाहीं. बहिरेपण ही केवळ कानाची उणीव नसून तिचा संबंध बुद्धि, चाल आणि व्यवहार या तिहींशीं पोंचतो, म्हणून या विषयाकडे वाचकांचें लक्ष वेधणें आम्हांस अवश्य वाटतें.

घरच्या मंडळींची नेहमींची तक्रार अशी कीं, “यांना सोयीचें तेवढें बरोबर ऐकूं येतें.” हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो. कानाच्या अगदीं आंतल्या भागांत शंखाप्रमाणें वेटोळी असलेली एक नळी आहे, व तिच्यांत सूक्ष्म केंसांसारखीं टोकें असलेल्या पेशी आहेत. नाद पोंचला कीं त्या हालतात व मज्जातंतूच्या द्वारें मेंदूस वर्दी जाते. या पेशी माणसांत एकदां मेल्या म्हणजे पुन्हां उगवत नाहींत. त्यांतही उंच पट्टीचा बारीक नाद टिपणाऱ्या पेशी आधीं जातात. त्यामुळें रातकिड्यांची किरकिर प्रथम नाहींशी होते, आणि बोलण्यांतील स, श, फ, थ हीं व्यंजनें गळूं लागतात. आ, ओ हे स्वर मात्र ऐकूं येत राहतात. ‘साठ’ म्हटलेलें ‘आठ’ असें कानावर पडतें. म्हातारा म्हणतो, “आवाज येतो, पण बोल कळत नाहीं,” तें अक्षरशः खरें असतें. ओरडून बोलल्यानें ‘आ’ मोठा होतो, ‘स’ स्पष्ट होत नाहीं. उलट तो रागावला असें समजून म्हातारा मनांतून खचतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अहवालाप्रमाणें साठीच्या पुढील शेंकडा ६५ हून अधिक लोकांस कमीअधिक प्रमाणांत हा दोष असतो.

आतां बुद्धीविषयीं. अर्धवट शब्द जुळवून अर्थ लावण्यांत मेंदूची शक्ति खर्चीं पडते, व स्मरणास ती कमी उरते. पुढें माणूस पारावर, लग्नकार्यांत, सभेंत जाईनासा होतो. एकलेपणानें मन उदास होतें. अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं ६३९ लोकांचीं अनेक वर्षें निरीक्षणें करून २०११ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, सौम्य बहिरेपण असणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा संभव सुमारें दुप्पट, मध्यम असणाऱ्यांत तिप्पट व तीव्र असणाऱ्यांत पांचपट आढळला. एकाबरोबर दुसरें आढळलें म्हणून एकामुळेंच दुसरें झालें असें सिद्ध होत नाहीं, हें येथें सांगितलें पाहिजे. यंत्र लावल्यानें उपयोग होतो काय, याची अमेरिकेंतच ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर तीन वर्षें परीक्षा झाली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्ष असा कीं, सर्वांचा मिळून हिशेब करतां फरक पडला नाहीं. परंतु ज्यांची प्रकृति आधींच धोक्यांत होती त्यांच्या बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्यानें कमी झाली. यंत्र म्हणजे संजीवनी नव्हे. पण निरुपयोगीही नव्हे.

कमी ऐकूं येणारीं माणसें पडतातही अधिक. आजूबाजूच्या आवाजांवरून येणारें भान सुटतें, आणि तोल सांभाळणारें इंद्रियही कानाच्या आंतच आहे. साठीनंतर कमरेचें हाड मोडणें म्हणजे काय, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.

व्यवहाराची बाजू आम्हांस विशेष ठाऊक, कारण आमची हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. “जबाब वाचून दाखविला, तो बरोबर आहे,” या ओळीखालीं अंगठा करणाऱ्या म्हाताऱ्यांपैकीं कितीएकांनीं तो जबाब ऐकलेलाच नसतो. चारचौघांत “काय?” म्हणून पुन्हां विचारण्याची लाज वाटते, म्हणून ते मान डोलावतात. वाटपांत विहिरीचा हिस्सा गेला, बांधाची कबुली दिली गेली, हें कित्येकांस फेरफार मंजूर झाल्यावर कळलेलें आम्हीं पाहिलें आहे. लबाडी प्रत्येक वेळीं असतेच असें नाहीं. पण लबाडास अशी मान फार सोयीची पडते.

वयाचा दोष टाळतां येत नाहीं. गोंगाटाचा टाळतां येतो. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपर्यंत चालेल असा तज्ज्ञांचा दंडक आहे, आणि दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलांस ती अवघी पाव तास उरते. बंद केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशीं ९० च्या वर आवाज पुष्कळदां असतो, मळणीयंत्राजवळही तसाच. कापसाचे बोळे पुरे पडत नाहींत. कानावर बसणारीं आच्छादनें वापरावीं, व तरुण मुलांस तीं आजच घेऊन द्यावीं.

कमी ऐकूं येऊं लागल्यास प्रथम कानाच्या डॉक्टरांकडून मळ तपासून घ्यावा. कधीं कधीं तेवढ्यानेंच काम भागतें. तेल ओतणें, काडी घालणें बंद करावें. एका कानास अकस्मात् ऐकूं येईनासें झालें तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. उपचाराची वेळ थोडी असते. मळ नसेल तर श्रवणमापन करून घ्यावें. मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे. २०१७ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेंत गरीब वृद्धांस द्यावयाच्या साहित्यांत श्रवणयंत्राचा समावेश केलेला आहे. यंत्र लावल्यावर आरंभीं भांड्यांचा, वाऱ्याचा आवाज असह्य वाटतो व पुष्कळजण तें फडताळांत ठेवून देतात. मेंदूस संवय होण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंवर रोज थोडें थोडें लावीत जावें.

घरच्यांनीं वडिलांशीं बोलतांना उजेडांत, समोर बसून, सावकाश बोलावें व दूरदर्शन बंद ठेवावें. “कळलें ना?” असें विचारूं नये, कारण उत्तर “हो” असेंच येतें. काय कळलें तें त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावें, आणि कागदावर अंगठा किंवा सही त्यानंतर.