चालती गाडी अचानक बंद पडली तर

गेल्या अंकात डंकाच्या हिशेबाबद्दल लिहिलं होतं. या वेळचा पाठ गाडीचा आहे. आता बऱ्याच ग्रामसंघांकडे मालासाठी व्हॅन नाहीतर छोटा टेम्पो आहे. काही ठिकाणी तो आपलीच ताई चालवते. गाडी चालवायला आपण शिकलो, पण चालता चालता ती मेली तर काय करायचं हे कुणी शिकवलं नाही. आम्हाला ते लालबागला शिकायला मिळालं, आणि त्याची फीही भरावी लागली.

एप्रिल महिना होता. मसाल्याच्या मोसमात आमचा गट लालबागच्या मिरची गल्लीतून ब्याडगी, काश्मिरी आणि थोडी लवंगी आणतो. पेणहून पहाटे चारला निघालो. गाडी माझी जाऊ चालवत होती. बाजूला मी, मागे कोषाध्यक्ष ताई, पैशांची पिशवी मांडीवर घट्ट धरून. अंधार होता म्हणून दिवे चालू, उकाडा म्हणून पंखा चालू. वाशी मागे पडली तेव्हा मीटरपाशी बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा मिणमिणताना दिसला. जाऊ म्हणाली, "गाडी चालतेय ना वहिनी, मग बघू." दादरच्या पुढे हॉर्न घोगरा वाजू लागला, दिवे पिवळे पडले. परळ ओलांडून पुलाखालच्या रस्त्याने भारतमाता सिनेमापर्यंत पोचलो आणि गाडी एक-दोन गचके देऊन गप्प झाली. मागे बेस्टची बस.

आधी ते पहिलं मिनिट बघू, कारण जिवाला धोका तेव्हाच असतो.

इंजिन बंद पडलं म्हणून ब्रेक लगेच जात नाही. ब्रेक हलका करणारी जी हवेची मदत असते, ती एक-दोन दाबांपुरती शिल्लक राहते. म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा मारायचा नाही, एकदाच दाबायचा आणि दाबून धरायचा. मदत संपली तर पेडल दगडासारखं लागतं, पण जोर लावला की गाडी थांबते. पॉवर स्टीअरिंग असेल तर तेही जड होतं, दोन्ही हातांनी ओढायचं. आणि चालत्या गाडीत किल्ली काढायची नाही. ती काढली की स्टीअरिंगला लॉक बसू शकतं आणि मग गाडी वळतच नाही. घाबरून बायका (आणि पुरुषही) पहिलं हेच करतात.

गाडीला वेग आहे तोवर न्यूट्रल करा, चारही इंडिकेटर लावा आणि डावीकडे घ्या. थांबली की हँडब्रेक लावा. सगळ्यांनी डाव्या दाराने उतरून फुटपाथवर जायचं. गाडीच्या मागे उभं राहून ढकलायची घाई नको, मागून येणाऱ्याला आपण दिसत नाही. लाल त्रिकोण गाडीच्या बराच मागे ठेवायचा. मोकळ्या महामार्गावर निदान पन्नास पावलं तरी. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, आणि धोका वाटला तर कुठूनही ११२. आपण नेमके कुठे आहोत हे सांगता आलं पाहिजे. आम्हाला भारतमाताचं नाव सांगता आलं म्हणून बरं.

आता गाडी का मेली ते शोधणं. मेकॅनिकला फोन करण्याआधी स्वतःला एकच विचारायचं: ती *कशी* मेली?

बटण बंद केल्यासारखी एका क्षणात सगळं गप्प झाली, तर संशय विजेवर. बॉनेट उघडून आधी बॅटरीची दोन्ही टोकं बघा. पांढरी-हिरवी बुरशी आली असेल, टोक हाताने हलत असेल, तर तिथेच उत्तर सापडतं. टोकाला हात लावण्याआधी किल्ली बंद आणि हातातली बांगडी काढलेली हवी. मग फ्यूज बघा. किल्लीला पाच-सहा किल्ल्यांचा जुडगा लटकत असेल तर तोही कमी करा, त्या वजनाने किल्लीचा स्विच झिजतो.

गचके देत, दम लागल्यासारखी मेली, तर इंधन. काट्यावर विश्वास ठेवू नका, काटेही खोटं बोलतात. सीएनजीची गाडी असेल तर पेट्रोलवर टाकून बघा. पेट्रोलवर चालली तर दोष गॅसच्या बाजूला. पण त्यासाठी टाकीत पेट्रोल हवं. सीएनजी स्वस्त म्हणून पेट्रोलची टाकी कोरडी ठेवणाऱ्या ताया मला माहीत आहेत. गॅसचा वास आला तर मात्र किल्ली फिरवायची नाही. सगळ्यांना उतरवा, हाताशी असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि लांब व्हा. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करायची असते, त्याची तारीख बघून ठेवा.

तापमानाचा काटा वर गेला, वाफ आली, तर पाणी संपलंय नाहीतर पंखा फिरत नाही. अर्धा-पाऊण तास थांबा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. कुकरची शिटी न काढता झाकण ओढण्यासारखंच ते.

आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात मेली तर पुन्हा स्टार्ट मारायचीच नाही. लालबागच्या अलीकडचा हिंदमाताचा भाग पाणी साचण्यासाठी प्रसिद्ध आहे, आपल्या गावच्या मोऱ्याही काही कमी नाहीत. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. शे-पाचशेचं काम पन्नास हजारांवर जातं. गाडी ढकलून बाहेर काढा आणि आधी तपासून घ्या.

आमची गाडी यातल्या कशात बसत होती? लाल दिवा, घोगरा हॉर्न, पिवळे दिवे. म्हणजे वीज हळूहळू संपत होती. हे आज कळतं. त्या दिवशी एक मेकॅनिक आला, दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून त्याने गाडी चालू केली. वायर काढल्यावर थोड्या वेळात ती परत मेली. तो म्हणाला, "ताई, बॅटरी गेली." कोषाध्यक्ष ताईंनी पिशवी उघडली, ४,८०० रुपये दिले, नवी बॅटरी बसली. जुनी त्याने बदल्यात नेली. आम्ही मिरची घेतली, दुपारी निघालो. कळंबोलीजवळ दिवे लावायची वेळ झाली आणि नवी बॅटरीही मेली. मागे पन्नास किलो मिरची, डोळ्यांत पाणी. मिरचीमुळेच असं समजा.

तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी आधी मीटर लावला. बंद गाडीच्या चांगल्या बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट हवेत. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा हवेत, कारण तेव्हा डायनॅमो बॅटरी भरत असतो. (कागदावर त्याला अल्टरनेटर म्हणतात.) आमचा आकडा इंजिन चालू असताना ११.८ होता आणि उतरत होता. डायनॅमोचे कार्बन झिजले होते. बॅटरी म्हणजे पाण्याची टाकी, डायनॅमो म्हणजे पंप. पंप बंद होता आणि आम्ही टाकी बदलली! कार्बन बदलायला ६५० रुपये लागले.

दुसऱ्या बॅटरीने चालू झालेली गाडी पुढे नीट चालली, तर कदाचित रात्री दिवा चालू राहिला असेल किंवा बॅटरी म्हातारी झाली असेल. चालू होऊन थोड्या वेळात परत मेली, तर डायनॅमो किंवा त्याचा पट्टा आधी तपासायला सांगा. किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो आणि इंजिन चालू होताच विझतो, हे बरोबर आहे. चालताना लागला तर पंखा, रेडिओ बंद करा आणि जवळचं गॅरेज गाठा. हातात थोडाच वेळ असतो. काही जण चालू गाडीत बॅटरीची वायर काढून "टेस्ट" करतात. नव्या गाड्यांत तसं करू देऊ नका, त्यातला कॉम्प्युटर जळू शकतो.

महिन्याच्या बैठकीत या ४,८०० वरून बरंच बोलणं झालं. जाऊ रडली. शेवटी ठराव झाला की हजारावरचा सुटा भाग घेण्याआधी मीटरचा आकडा बघायचा आणि व्हाउचरच्या मागे लिहायचा. मीटर आता गाडीच्या खणात असतो, तीनशे-साडेतीनशेला मिळाला. त्याच्याशेजारी दोरीने बांधलेली एक वही आहे. कोणता दिवा लागला, किती वाजता, गाडी किती किलोमीटरवर होती, हे जी ताई चालवेल ती लिहिते. पहिल्या पानावर जाऊच्या अक्षरात आहे: वाशी, पहाटे, लाल दिवा.