सायकलवरची पेटी

भिलाई हे छत्तीसगड राज्याच्या दुर्ग जिल्ह्यातील पोलादाचे नगर. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखान्याची उभारणी सुरू झाली आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यालगत क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सेक्टरांची वसाहत वसली. सपाट भूभाग, रुंद रस्ते आणि घरापासून कामापर्यंतचे बेताचे अंतर यांमुळे सायकल हे या नगराचे स्वाभाविक वाहन ठरले. पुढे मोटारसायकली वाढल्या. तरीही आसपासच्या खेड्यांतून आणि वस्त्यांतून कामावर येणाऱ्या अनेकांचा आधार आजही सायकलच आहे.

या सायकलींच्या कॅरिअरवर काय बांधलेले असते? जेवणाचा डबा, पावसाळी कोट, पाण्याची बाटली. वायरमन असेल तर टेस्टर, पक्कड आणि मीटर; गवंडी असेल तर थापी, ओळंबा आणि दोरी. याशिवाय ओळखपत्र, कारखान्याचे प्रवेशपत्र आणि कधी कधी बँकेचे पासबुक. बहुतेक वेळा हे सारे एका कापडी पिशवीत कोंबून रबरी ट्यूबच्या पट्टीने आवळलेले असते. पिशवी कापायला एक ब्लेड पुरते. पक्कड गेली तर ती पुन्हा विकत घेता येते. परंतु ज्याची हत्यारे सकाळी नाहीशी होतात, त्याची त्या दिवसाची मजुरीही जाते. प्रवेशपत्र हरवले तर फाटकातून आत जाणेच कठीण होते.

प्रस्तुत पाठात सायकलवर सामान नेण्यासाठी कठीण बाजूंची, कुलूप लावता येणारी पेटी कशी निवडावी, याचा आपण विचार करणार आहोत. वाचताना तुमच्या स्वतःच्या सायकलीचे कॅरिअर डोळ्यांसमोर ठेवा.

पेटी खरोखर हवी आहे का?

प्रत्येक सामानाला पेटी लागतेच असे नाही. सायकलवरून कठीण डबे वाहून नेण्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे मुंबईचे डबेवाले. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या सेवेत धातूचे डबे सायकलच्या हँडलला आणि कॅरिअरवर टांगून नेले जातात. डबा कठीण असतो तो सांडू नये आणि चेपू नये म्हणून. त्याला कुलूप नसते, कारण तो सतत कोणाच्या तरी ताब्यात असतो आणि झाकणावरील खुणांवरून त्याचा मार्ग ठरलेला असतो. गोव्यात सायकलवरून पाव विकणारा पोदेर तर कठीण पेटी वापरतच नाही. ताज्या पावाला हवा लागते. बंद पेटीत वाफ कोंडून तो ओला होईल. म्हणून त्याची मोठी वेताची किंवा बांबूची टोपलीच योग्य.

भिलाईच्या कामगाराची गोष्ट वेगळी आहे. त्याची सायकल पूर्ण पाळीभर, म्हणजे सुमारे आठ तास, सायकल-स्टँडवर उभी असते आणि मालक भिंतीपलीकडे असतो. हत्यारे आत नेता येत असतील तर ती न्यावीत, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. जे मागे राहणार आहे आणि जे गमावणे परवडणार नाही, त्याच्यासाठीच पेटीचा खर्च करावा.

पत्रा, लाकूड की प्लॅस्टिक?

पत्र्याची पेटी आपल्याला ट्रंकेमुळे परिचित आहे. पत्र्याची जाडी बाजारात गेजमध्ये सांगतात आणि येथे नवख्याची गफलत होते. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. २२ गेजचा पत्रा सुमारे ०.७ मिलिमीटर जाड असतो, तर २६ गेजचा ०.५ मिलिमीटरहूनही कमी. २६ गेजच्या पेटीचे झाकण कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटता येते. (गंमत अशी की पेटीचा हा पातळ पत्रा भिलाईचा नसतो. भिलाईची ख्याती रेल्वेचे रूळ आणि जाड प्लेट यांसाठी. पातळ पत्रे बोकारोसारख्या कारखान्यांत तयार होतात.)

मग जाडच पत्रा का घेऊ नये? थोडे गणित करू. ४० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि २५ उंच अशा पेटीच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ५,२५० चौरस सेंटिमीटर होते. २२ गेजच्या पोलादी पत्र्यात तिचे वजन जवळजवळ ३ किलो भरते. २४ गेजमध्ये सुमारे २.३ किलो. ॲल्युमिनियमचा २० गेजचा, म्हणजे अधिक जाड, पत्रा घेतला तरी वजन १.३ किलोच्या आसपास राहते. मात्र तो महाग असतो आणि कापायला सोपा. रोजच्या वापरासाठी जस्त चढवलेला २२ किंवा २४ गेजचा पोलादी पत्रा हा मध्यम मार्ग आम्हांला योग्य वाटतो. पेटी घेताना कडेवरून बोट फिरवून पाहावे. कडेच्या आत तार घालून पत्रा वळवलेला असेल तर कड सहज वाकत नाही आणि हातही कापत नाही.

प्लायवुडची पेटी सुतार हवी तशी करून देतो, हत्यारांचा खडखडाटही कमी होतो. परंतु पावसात तिचे थर सुटतात. प्लॅस्टिकचे क्रेट हलके असतात. पण वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले साधे प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि एका धक्क्यात तडकते.

पाठगत प्रश्न : २० गेज आणि २४ गेज यांपैकी कोणता पत्रा अधिक जाड असतो?

कुलूप वर, चोरी खालून

पेटी घेणारा मनुष्य प्रथम कुलपाकडे पाहतो. चोर मात्र कुलपाला हातही लावत नाही. तो बिजागऱ्यांकडे पाहतो. बिजागरीची खीळ बाहेरून ठोकून काढता येत असेल, तर कुलूप तसेच ठेवून झाकण मागच्या बाजूने उघडते. म्हणून खिळीची दोन्ही टोके ठोकून चपटी केलेली असावीत. कडी-कोयंडा स्क्रूने बसवला असेल तर तेच स्क्रू फिरवून तो सुटतो. तो रिव्हेटने पक्का केलेला हवा. कुलपाची कमान कोयंड्यात घट्ट बसणारी असावी. मोकळी जागा राहिली की तेथे सळई घालून पीळ देता येतो.

त्याहूनही सोपी चोरी म्हणजे पेटीच उचलून नेणे. कॅरिअरच्या स्प्रिंगच्या पट्टीखाली दाबलेली किंवा दोरीने बांधलेली पेटी कितीही भक्कम असली तरी ती सुरक्षित नव्हे. पेटीच्या तळाला भोके पाडून ती बोल्टने कॅरिअरला जोडावी. कॅरिअरखाली एक लोखंडी पट्टी द्यावी. बोल्टचा गोल, गुळगुळीत माथा खाली आणि नट पेटीच्या आत, अशी रचना असावी. माथ्याखाली चौकोनी मान असलेला बोल्ट पट्टीच्या चौकोनी भोकात बसला की तो खालून फिरवता येत नाही आणि आतला नट झाकण उघडल्याशिवाय हाती लागत नाही. भोकांभोवती रबरी वायसर घालावेत, म्हणजे पाणी शिरत नाही.

एवढे करूनही एक वाट उरते. कॅरिअर स्वतः सायकलला नटांनीच जोडलेले असते आणि संपूर्ण सायकलही उचलून नेता येते. मागच्या चाकाचे कुलूप केवळ चाक अडवते. साखळी सांगाड्यातून आणि कॅरिअरच्या दांडीतून ओवून जमिनीत पक्क्या रोवलेल्या खांबाला अडकवली, तरच पेटीच्या मजबुतीला अर्थ उरतो.

पेटी उघडायला मात्र सोपी हवी. भिलाईच्या कारखान्याची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे आहे आणि सामान उघडून दाखवण्याची वेळ फाटकावर केव्हाही येऊ शकते. वरच्या बाजूने उघडणारे झाकण सामान न सांडता चटकन दाखवता येते.

ओझे आणि ऋतू

कॅरिअरवर उंच पेटी बसवली की वजन वर जाते. सायकल स्टँडवरून काढताना ती अंगावर कलते आणि वळणावर डोलते. म्हणून पेटी रुंदीपेक्षा उंच नसावी, जड हत्यारे तळाशी व आसनाच्या बाजूला ठेवावीत. सारा भार मागे गेल्यास चढावर पुढचे चाक हलके पडते आणि हँडल स्थिर राहत नाही. बाजूला टांगायच्या दोन पेट्यांत वजन खाली राहते हा मोठा फायदा; पण दोन्हींत सारखे वजन हवे. त्या घेण्यापूर्वी पायंडल उलटे फिरवून टाच पेटीला लागते का, हे पाहावे. कॅरिअरच्या पातळ पायांना तडा गेला असेल तर आधी वेल्डिंग, मग पेटी.

छत्तीसगडचा पावसाळा जूनच्या मध्यास सुरू होतो. झाकणाची कड पेटीबाहेर अर्धा इंच तरी खाली उतरलेली असावी. तळाच्या कोपऱ्यात एक बारीक भोक ठेवावे, म्हणजे शिरलेले पाणी साचत नाही. कागदपत्रे तरीही प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवावीत. मे महिन्यात अडचण उलटी होते. उन्हातील पत्र्याची पेटी भट्टीसारखी तापते आणि दुपारपर्यंत भाजी आंबते. पेटीला पांढरा रंग द्यावा, सायकल सावलीत लावावी आणि शक्य असल्यास जेवणाचा डबा सोबतच न्यावा.

स्वाध्याय

१. डबेवाल्याच्या डब्याला कुलूप लागत नाही, पण कामगाराच्या पेटीला लागते. याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

२. बोल्टचा नट पेटीच्या आत का असावा?

३. कृती : तुमच्या परिसरातील सायकलवर बसवलेली एक पेटी मालकाची परवानगी घेऊन पाहा. तिची बिजागरी, कोयंडा आणि कॅरिअरशी असलेला जोड तपासा आणि कोणता भाग सर्वांत आधी निखळेल, ते आठ-दहा ओळींत लिहा.