अंगणातली पहिली शाळा



जून जवळ आला की अमरावती-अकोल्याकडे आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो : "फादर, पोराले कोन्त्या शाळेत टाकू?" प्रश्न रास्त आहे, पण मुलाची बुद्धी शाळाप्रवेशाची वाट पाहत थांबत नाही. मेंदूची बहुतांश वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते. त्या काळात मुलाच्या कानावर काय पडते, हाताला काय लागते आणि त्याच्या 'हे काय?' या प्रश्नाला कोण उत्तर देते, यावर पुढचे शिक्षण उभे राहते.

माणसाचे ज्ञान इंद्रियांपासून सुरू होते, असे संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मांडले. मारिया मॉन्टेसरी यांच्या बालशिक्षणातही इंद्रियांना असेच महत्त्व आहे. लग्नानंतर काही काळ आपल्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी हे शिक्षण गरिबांच्या दारी नेले. १९४५ मध्ये बोर्डी येथे अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी काम सुरू केले. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे आणि बिया वापरल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी!

जमैकात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बालकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाई आणि मुलाशी कसे बोलावे, खेळावे हे आईला दाखवी. वीस वर्षांनी या मुलांची कमाई, असे मार्गदर्शन न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक आढळली.

म्हणून पोषण दुय्यम ठरत नाही. उपाशी मुलाचे लक्ष लागत नाही, हे मेळघाटाला सांगायला नको. तिथले कोरकू मूल घरी कोरकू बोलते आणि शाळेत मराठी ऐकते. ते गप्प बसले की आपण त्याला मंद ठरवतो. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला एकदम इंग्रजी शाळेत बसवले, तर त्याचीही तीच गत होऊ शकते. घरच्या बोलीला हसणाऱ्या वर्गात मूल प्रश्न विचारणेच सोडून देते.

दिवसभर कापूस वेचून आलेल्या आईला आम्ही नवे काम सांगत नाही. भाकरी थापताना त्याला भाकरी मोजू द्या. तूर निवडताना खडे वेगळे करू द्या. 'चूप बस' म्हणण्याआधी त्याच्या एका प्रश्नाला उत्तर द्या. आणि हे वडिलांनीही करावे.

मग शाळा बघायला जा. इमारत आणि गणवेश नंतर बघा. वर्गात मुले प्रश्न विचारतात का, आणि बाई त्यांचे ऐकून घेतात का, हे आधी बघा.