विलायतेतील सफरचंद-कांद्याची मुरवण्याची चटणी : नवागत कुटुंबांसाठी

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडात नव्याने बिऱ्हाड थाटलेल्या कुटुंबास शेजारच्या फाटकापाशी सफरचंदांनी भरलेली टोपली आणि तिच्यावर ‘हवी तितकी न्यावीत’ अशा मजकुराची चिठ्ठी हटकून दिसते. ती सफरचंदे निःसंकोच न्यावीत, हा येथे स्थायिक झालेल्या आम्हा सर्वांचा पहिला सल्ला. त्यांतही मोठे, हिरवे, ओबडधोबड असे ब्रॅमली जातीचे फळ मिळाले तर अहोभाग्य मानावे. नॉटिंगहॅमशायर परगण्यातील साउथवेल गावी १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने पेरलेल्या बियांतून या जातीचा मूळ वृक्ष उगवला. नाव मात्र या जातीला मिळाले ते पुढे तो वृक्ष असलेले घर विकत घेणाऱ्या मॅथ्यू ब्रॅमली या खाटिकाचे. हे फळ नुसते खाववत नाही इतके आंबट असते, आणि कैरीच्या मेथांब्यावर वाढलेल्या जिभेला नेमके तेच मानवते.

आपली ओल्या नारळाची चटणी दोन दिवसांची सोबती. ही मात्र वर्षाची बेगमी आहे, आणि ती टिकते व्हिनेगर, साखर व मीठ या तिघांच्या बळावर. सोलून, गाभा काढून चिरलेली दीड किलो सफरचंदे, अर्धा किलो कांदा, पाव किलो बेदाणे, अर्धा किलो तपकिरी साखर, सहाशे मिलिलिटर माल्ट व्हिनेगर, दोन चमचे मीठ, आल्याचा बोटभर तुकडा आणि चमचाभर मोहरी, हे आमच्यापैकी बहुतेक घरांत रुळलेले प्रमाण होय. व्हिनेगरच्या बाटलीवर पाच टक्के आम्लता लिहिलेली आहे याची खातरजमा करावी. झाडाखाली पडलेली फळे चालतात. डागाळलेला भाग काढून टाकावा, परंतु बुरशी धरलेले फळ मुळीच घेऊ नये. मिरची, धने, दालचिनी यांत प्रत्येक गृहिणीने आपला हात खुशाल चालवावा. व्हिनेगर आणि साखर यांत मात्र कपात करू नये, कारण येथे त्यांचे काम रुचीचे जितके आहे तितकेच रक्षणाचेही आहे.

सर्वांत अधिक घाई होते ती कांद्याच्या बाबतीत. कांदा आरंभीच व्हिनेगरमध्ये पडला तर आम्लामुळे तो दोन तास शिजूनही दाताखाली करकरतो. म्हणून बारीक चिरलेला कांदा प्रथम थोड्या पाण्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवावा आणि मगच इतर जिन्नस घालावेत. भांडे जाड बुडाचे, स्टेनलेस स्टीलचे असावे. पितळ, तांबे व लोखंड यांना आम्ल खाते. झाकण न ठेवता, खिडक्या उघड्या टाकून (व्हिनेगरचा उग्र वास भाड्याच्या घरातील पडद्यांत दिवसेंदिवस रेंगाळतो) दीड-दोन तास शिजवावे, आणि शेवटचा अर्धा तास तेथून हलू नये, कारण साखर बुडाशी लागते ती याच वेळी. लाकडी चमचा तळावरून ओढला असता मागे राहिलेली वाट क्षणभर कोरडी राहिली, व्हिनेगर लगेच धावून आले नाही, म्हणजे चटणी झाली.

काचेच्या बरण्या धुऊन भट्टीत १४० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे तापवाव्यात आणि गरम बरणीत गरम चटणी भरावी. थंड काच तडकते. झाकणास आतून प्लॅस्टिकचा लेप हवा, उघडा पत्रा गंजतो. तेलाची फोडणी बरणीत घालू नये, असे जाणत्या घरांचे एकमुखी सांगणे आहे. हवीच असेल तर ती वाढतेवेळी द्यावी.

ताज्या चटणीची चव व्हिनेगरने उग्र, काहीशी अंगावर येणारी लागते, आणि पुष्कळ नवागत तेथेच निराश होतात. अंधाऱ्या, गार फडताळात दोन महिने ती विसरून जावी. मग थालीपिठाबरोबर, किंवा येथल्या रिवाजाप्रमाणे पाव व चेडर चीजबरोबर, तिचा खरा गुण कळतो. उघडलेली बरणी शीतकपाटात ठेवून महिनाभरात संपवावी.

ज्या शेजाऱ्याची सफरचंदे, त्याच्या घरी एक बरणी पाठवण्याचा शिरस्ता आम्ही सर्वांनी राखला आहे. तिच्या चिठ्ठीवर तारीख तर लिहावीच, शिवाय मोहरी घातल्याचेही ठळक लिहावे. ब्रिटिश अन्नकायद्याने ज्या चौदा पदार्थांची वावडे निर्माण करणारे म्हणून नोंद केली आहे, त्यांत मोहरीचा समावेश आहे.