पालेभाजी पेरण्याचा समय

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील खेड्यांच्या मंडळ्यांकरिता पाठ)

वाचन : उपदेशक, अध्याय 3, वचने 1 व 2.

लावणीलाही तिचा नेमलेला काळ असतो, असे या वचनांत शिकविले आहे. आपल्या अंगणातील वाफ्यास हा बोध कसा लागू पडतो, ते आज आपण पाहू.

थंड देशांत वसंतातील शेवटचे हिम केव्हा पडते, ते पाहून पेरणीचा दिवस ठरवितात. तो हिशेब कृष्णाकाठी चालत नाही. येथे हिवाळा हाच बहुतेक पालेभाज्यांचा हंगाम होय, व त्यांचा वैरी हिम नसून फाल्गुनातील ऊन होय. ऊन तापले की मेथी व कोथिंबीर लवकर फुलावर येतात. म्हणून मेथी, पालक, चाकवत व कोथिंबीर पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत पेरावी. सर्व बी एकदम न टाकता दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरावा; म्हणजे घरात भाजीचा खंड पडत नाही. मेथी 30 ते 40 दिवसांत काढणीस येते. धणे रगडून, दोन फोडी करून पेरावेत.

माण, खटाव, जत, आटपाडी येथे पाण्याची ओढ असते. तेथे करडईची विरळणी करताना उपटलेली कोवळी रोपे टाकून देऊ नयेत. ती उत्तम भाजी होय.

महाबळेश्वराची गोष्ट मात्र निराळी आहे. ते सुमारे 1,370 मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असून वारा पडला, म्हणजे वेण्णा तलावाच्या परिसरात एखादे रात्री दव गोठते. थंड हवा जड असल्यामुळे सखल जागी साचते; म्हणून उंचवट्यावरील वाफा वाचतो व खोलगटातील करपतो. अशा जागी मेथी व पालक थोडे हिम सोसतात. राजगिरा व तांदुळजा सोसत नाहीत, म्हणून ते थंडी सरल्यावर पेरावेत. कडाक्याच्या थंडीचा रंग दिसताच सायंकाळी हलके पाणी द्यावे, कारण ओली जमीन दिवसाची ऊब अधिक धरते. काठ्यांच्या आधाराने वाफ्यावर गवताचे आच्छादन घालून सकाळी ते काढावे.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. आहारात अ जीवनसत्त्व फार कमी पडले, तर लेकरास रातांधळेपणा येतो. हिरव्या पानांतील द्रव्यापासून शरीर हे जीवनसत्त्व तयार करते. भाजीत थोडे तेल असले म्हणजे ते अंगी अधिक लागते. ज्याला शेत नाही, त्यानेही भाज्या-धान्य धुतलेल्या पाण्यावर दाराशी एक वाफा करावा. ज्या घरी बी नाही, तेथे शेजाऱ्याने मूठभर पोहोचवावे; समय निघून गेल्यावर दिलेले बी फारसे उपयोगी पडत नाही.

विचारार्थ प्रश्न : 1. आपल्या गावी थंड हवा कोठे साचते? 2. मंडळीतील कोणत्या घरी या हंगामात अजून वाफा झाला नाही?