घरच्या इंजिनकामाला कोणते पाने?

प्रश्न : माझ्याकडे १०० सीसीची मोटारसायकल आहे. ऑइल, प्लग, टॅपेट ही कामं घरीच करायची आहेत. शंभर नगांचा टूलसेट घ्यावा का? (एक वाचक, पौड, ता. मुळशी)

उत्तर : नको. त्यातले निम्मे पाने पेटीतच गंजतील, आणि मुळशीच्या पावसात तर लवकरच. पुण्याच्या नाना पेठेत चक्कर मारा, ८, १०, १२, १४, १७ मिमीचे रिंग पाने आणि टी-पाने सुटे घ्या. गाडीला बसणारा प्लग पाना, फीलर गेजही घ्या. उघड्या तोंडाच्या डबल एंड पान्याने घट्ट बोल्ट सोडवू नका. कोपरे झिजतात, मग तो निघत नाही.

पैसे टाकायचेच तर छोट्या टॉर्क रेंचवर टाका. इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं. ड्रेन बोल्ट किंवा प्लग अंदाजाने आवळला की आटेच जातात, आणि तो खर्च रेंचहून जास्त असू शकतो. किती आवळायचं, टॅपेटचा गॅप किती, हे आकडे मॅन्युअलमधूनच घ्या. टॅपेट सेट करताना इंजिन पूर्ण थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला हवा.

पावसाळ्यात पाने पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. क्लच, पिस्टन, क्रँक मात्र मेकॅनिककडेच न्या.